आधी ऐकलेल्या चाली

मी बारामतीच्या कोर्टात स्टेनो आहे. कोण काय बोललं, कुणाच्या आधी बोललं आणि कुणाच्या नंतर, हे टिपून घ्यायचा मला अकरा वर्षांचा सराव आहे. साक्षीदार रडला तर मी त्याचं रडणं लिहीत नाही, त्याचे शब्द लिहिते. गेल्या जानेवारीत इंदापूरला जे झालं तेही मी तसंच सांगणार आहे, ज्या क्रमानं झालं त्या क्रमानं.

भानुदास माझा थोरला भाऊ. वय एकेचाळीस, माझ्यापेक्षा सात वर्षांनी मोठा. आठ वर्षांचा असताना गोवर आला आणि जाताना त्याची नजर घेऊन गेला. पुण्याच्या अंधशाळेत तो दहावीपर्यंत शिकला, तिथंच बुद्धिबळ शिकला, आणि सणसरला परत येऊन वडिलांची पिठाची गिरणी चालवायला लागला. चिमटीत पीठ धरून तो सांगतो, हे भाकरीचं, हे आंबोळीचं, हे कुणीतरी घाईत दळलेलं. बावीस वर्षं त्यानं त्या गिरणीशेजारी उभं राहून काढली. डोळे नव्हतेच. गिरणीनं हळूहळू त्याचे कानही नेले.

नोव्हेंबरात मी त्याला बारामतीत कानाच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. उजवा कान पूर्ण गेला होता. डावा थोडा शिल्लक होता. "मशीन लावा," त्या म्हणाल्या, "पण वर्षभराच्या वर मी खात्री देत नाही." बाहेर आल्यावर भानुदासनं विचारलं, "काय म्हनल्या?" मी त्याच्या डाव्या कानाशी तोंड नेऊन सगळं सांगितलं. तो म्हणाला, "म्हंजे एक शिझन हाय अजून."

न बघता खेळणाऱ्याचं बुद्धिबळ कसं चालतं ते सांगायला हवं. दोन पट असतात. समोरच्याचा साधा, आणि आपला भोकं पाडलेला. काळी घरं जरा उंच, प्रत्येक सोंगटीच्या बुडाला खुंटी, काळ्या सोंगट्यांच्या डोक्यावर छोटी टाचणी. तो बोटांनी पट वाचतो. शेजारी एक मदतनीस असतो. समोरच्यानं चाल केली की मदतनीस ती मोठ्यानं सांगतो, खेळाडू आपल्या पटावर ती लावून घेतो, आपली चाल तोंडानं सांगतो, मदतनीस ती समोरच्या पटावर करतो आणि कागदावर लिहितो. चालीखेरीज मदतनीसानं एक शब्द बोलायचा नाही.

मी त्याची मदतनीस आठ वर्षांची असल्यापासून आहे. तेव्हा मला इंग्रजी अक्षरं नीट येत नव्हती, म्हणून पटाच्या ए ते एच या आठ उभ्या ओळींना आम्ही आमचीच नावं ठेवली; आडव्या ओळींना एक ते आठ हे आकडेच राहिले. आंबा, बाजरी, चिंच, डाळिंब, एरंड, फणस, गहू, हरभरा. अजूनही आम्ही तीच वापरतो. स्पर्धांमधले पंच आधी हसतात, मग त्यांनाही सवय होते.

इंदापूरची स्पर्धा खुली होती, दोन दिवसांची, सात फेऱ्यांची. अकलूज रस्त्यावरच्या एका मंगल कार्यालयात. आदल्या दिवशी तिथं लग्न झालेलं असावं, कारण स्टेजच्या मागं झेंडूच्या माळांचा ढीग होता आणि सगळ्या हॉलला शिळ्या मठ्ठ्याचा वास होता. नव्वद खेळाडू, त्यातले बरेच पुण्याहून आलेले. बाहेरच्या रस्त्यावरून उसाचे ट्रॅक्टर जात होते, दोन-दोन ट्रॉल्या लावलेले, गाणी लावलेले. प्रत्येक ट्रॅक्टर गेला की खिडक्यांच्या काचा थरथरायच्या आणि भानुदास मान वळवून डावा कान माझ्याकडं आणायचा.

सहा फेऱ्यांत त्याचे पाच गुण झाले. ते त्यानं कानात मशीन लावून, एकेक चाल दोनदा-तीनदा विचारून मिळवले होते. रविवारी दुपारी दोनची शेवटची फेरी पहिल्या पटावर होती. समोर इंद्रजित होता, चोवीस वर्षांचा, पुण्याचा, स्पर्धेचा अव्वल मानांकित. साडेपाच गुण. त्याला बरोबरी पुरेशी होती. भानुदासला जिंकावं लागणार होतं, तेही काळ्या सोंगट्यांनी.

दोन वाजायला दहा मिनिटं असताना इंद्रजितचे वडील पंचांच्या टेबलाशी गेले. मुख्य पंच माधवी मॅडम होत्या, पन्नाशीच्या, चष्मा दोरीनं गळ्यात अडकवलेल्या, दोन दिवसांत एकदाही आवाज न चढवलेल्या. थोड्या वेळानं त्या आमच्याकडं आल्या.

"यांचं कानातलं यंत्र मोबाइलला जोडता येतं का?"

"येतं," मी म्हणाले. "पण मोबाइल माझ्या पर्समध्ये आहे, बंद आहे, आणि पर्स तुमच्या टेबलावर आहे."

"माझा तुमच्यावर विश्वास आहे," त्या म्हणाल्या. "पण लेखी हरकत आली आहे. असं यंत्र फेरीत ठेवता येत नाही. मला नियमाबाहेर जाता येत नाही."

"मॅडम, त्याशिवाय याला ऐकू येत नाही."

"तुम्ही कानाशी जाऊन बोला. कितीही मोठ्यानं बोला. ती परवानगी मी देते."

मी भानुदासला कानाशी ओरडून सगळं सांगितलं. मला वाटलं होतं तो चिडेल. त्यानं मशीन काढलं, रुमालात बांधलं, माझ्या हातात दिलं. "ठीक हाय," तो म्हणाला. ऐकू न येणारी माणसं बोलतात तसा, गरजेपेक्षा मोठ्यानं. "खेळायला हात तर हायती."

इंद्रजितनं मान खाली घातली. त्याला ते आवडलं नव्हतं, हे मी नोंदवून ठेवते.

दोन वाजून चार मिनिटांनी घड्याळ सुरू झालं.

"एरंड चार!" मी ओरडले. दुसऱ्या पटावरच्या दोघांनी वळून बघितलं.

"एरंड सहा," भानुदास म्हणाला.

डाळिंब चार. डाळिंब पाच. घोडा चिंच तीन. घोडा फणस सहा. हा फ्रेंच बचाव, त्यातला क्लासिकल प्रकार. काळा आधी गप्प बसतो, जागा देतो, पांढऱ्याला पुढं येऊ देतो, आणि मग बुंध्याशी घाव घालतो. भानुदास पंचवीस वर्षं हाच खेळत आला आहे. मी एकदा विचारलं होतं, दुसरं काही का शिकत नाहीस. तो म्हणाला, "ह्यातली घरं माझ्या वळखीची हायती."

चौथी चाल त्यानं तीनदा विचारली. पाचवी दोनदा. सहाव्या चालीला बाहेरून ट्रॅक्टर गेला. मी "घोडा फणस तीन" म्हणाले आणि त्यानं घोडा भलत्याच घरात बसवला. मी त्याचं मनगट धरून दुरुस्त केलं. माझा घसा ओढला गेला होता. असंच चाललं तर तासाभरात माझा आवाज बसणार होता, आणि तो बसला की डाव संपला.

सातव्या चालीला मी पुन्हा त्याच्या कानाशी वाकले आणि "उंट एरंड तीन" म्हणून ओरडले.

तो दचकून मागं सरला. "वरडतीस कशाला एवढी? येतंय की ऐकू."

मला बरं वाटलं. कानांचे चांगले-वाईट दिवस असतात असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं. पुढची चाल मी साध्या आवाजात सांगितली. त्यानं लगेच लावली. त्याच्या पुढची मी पुटपुटले. तीही लावली. त्याचा चेहरा सैल झाला. दोन दिवस कपाळावर जी आठी होती ती गेली. तो ताठ बसला, गिरणीत सकाळी पहिलं दळण टाकताना बसतो तसा.

दहाव्या चालीला मी "राजा" एवढंच म्हणाले होते आणि त्यानं पांढरा राजा आणि हत्ती दोन्ही हलवून किल्ला करून टाकला. यात नवल नव्हतं. त्या जागी पांढरा किल्लाच करतो, हे त्याला पाठ होतं. मी लिहून घेतलं.

बाराव्या चालीला इंद्रजितनं बराच विचार करून कडेचं प्यादं दोन घरं पुढं ढकललं. हरभरा चार. मी आधी ते कागदावर लिहायला घेतलं. लिहून वर बघितलं तर भानुदासच्या पटावर ते प्यादं हरभरा चारवर होतं.

मी बोलले नव्हते.

मी स्वतःशी कारणं शोधली. टेबल एकच होतं. सोंगटी ठेवल्याचा हादरा त्याच्या कोपराला लागला असेल, कुठून आला ते त्यानं ओळखलं असेल. पीठ चिमटीत धरून जात्याचा दात कुठं झिजलाय ते सांगणारा माणूस आहे तो. मी रीतीप्रमाणं "हरभरा चार" म्हणाले. त्यानं मान हलवली, एकच गोष्ट दुसऱ्यांदा सांगणाऱ्याकडं बघून हलवावी तशी.

काळ्याचा डाव बहरत होता. वजिराच्या बाजूची त्याची प्यादी खाली उतरली, बाजरीची ओळ मोकळी झाली, एक हत्ती तिच्या तोंडाशी येऊन बसला. मला बुद्धिबळ फार कळत नाही, पण इतकी वर्षं त्याच्या चाली करता करता त्याच्या हातावरून कळतं. हात घाबरला असेल तर बोटं सोंगट्यांवर पुन्हा पुन्हा फिरतात. त्या दिवशी ती एकदाच फिरत होती.

सोळाव्या चालीला इंद्रजित हनुवटीखाली हात घेऊन बसला होता. सोंगटीला त्यानं स्पर्शही केला नव्हता. भानुदासनं डावा हात पुढं केला, आपल्या पटावरचा पांढरा उंट उपसला, डाळिंब तीनवर खोचला आणि मान डोलावली.

इंद्रजितला तो पट दिसत होता. त्यानं बघितलं. त्याचे कान लाल झाले. मग त्यानं हात टेबलाखाली घेतले आणि तो बसून राहिला. अकरा मिनिटं. मी घड्याळावरून सांगते आहे.

अकराव्या मिनिटाला भानुदासनं तो उंट परत जागेवर नेला आणि त्याऐवजी पांढरा राजा बाजरी एकवर ठेवला. "असं व्हय," तो पुटपुटला.

इंद्रजितचा हात टेबलाखालून वर आला. तो राजाकडं गेला आणि त्यानं राजा बाजरी एकवर नेला. चाल करताना तो भानुदासच्या पटाकडं बघत नव्हता. तो माझ्या तोंडाकडं बघत होता.

मग त्यानं घड्याळ थांबवून हात वर केला. माधवी मॅडम आल्या.

"काय तक्रार आहे?"

"तक्रार नाही," इंद्रजित म्हणाला. त्याच्या ओठांवर घाम होता, आणि महिना जानेवारीचा होता. "यांना विचारा, यांना माझ्या चाली कोण सांगतं."

मॅडमनी माझ्याकडं बघितलं. मी म्हणाले, "मी नाही. माझ्या बोलण्याआधीच तो लावतोय."

मॅडम वाकून भानुदासच्या डाव्या कानाशी ओरडल्या, "तुम्हाला चाली कोण सांगतंय?"

त्याच्या चेहऱ्यावर काहीच उमटलं नाही. त्या पुन्हा ओरडल्या. अख्ख्या हॉलनं ऐकलं. भानुदास तसाच शांत बसून होता, पुढच्या चालीची वाट बघत. मॅडमनी मला खूण केली. मी माझ्या जागेवरूनच, साध्या आवाजात म्हणाले, "दादा, चाली कोण सांगतं ते विचारतायत."

"तूच की," तो लगेच म्हणाला. "आज लई लख्ख येतोय तुझा आवाज. दुसरं कायबी येत न्हाय मधी."

मॅडम सरळ उभ्या राहिल्या. चष्मा डोळ्यांवर चढवला. "पुढच्या तीन चाली तुम्ही सांगायच्या नाहीत," त्या मला म्हणाल्या. "तोंडावर हात ठेवा. मी इथं उभी राहते."

मी तोंडावर हात ठेवला. माझाच श्वास तळहाताला गरम लागत होता. घड्याळ सुरू झालं. भानुदासनं आपली चाल सांगितली आणि मी दुसऱ्या हातानं ती समोरच्या पटावर केली. इंद्रजित विचार करू लागला.

भानुदासनं पांढरा वजीर हलवला. चार मिनिटांनी इंद्रजितनं वजीर हलवला. त्याच घरात.

भानुदासनं पांढरा हत्ती हलवला. सहा मिनिटांनी इंद्रजितनं हत्ती हलवला.

तिसऱ्या वेळी भानुदासनं पांढऱ्या घोड्यानं आपलंच काळं प्यादं मारलं. इंद्रजितनं दोनदा उंटाकडं हात नेला, दोनदा मागं घेतला. नऊ मिनिटं गेली. मग घोड्यानं प्यादं मारलं.

माधवी मॅडमनी चष्मा काढला. "तुमचा हात खाली घेतलात तरी चालेल," त्या मला म्हणाल्या. त्यांचा आवाज अगदी कोरडा होता. "यात नियम मोडला असं मला कुठं दाखवता येत नाही." त्या आपल्या खुर्चीकडं गेल्या नाहीत. तिथंच उभ्या राहिल्या.

आता बाकीचे पट संपत आले होते. डाव संपलेली माणसं एकेक करून आमच्याभोवती जमायला लागली. त्यांना यातलं काही माहीत नव्हतं. त्यांना एवढंच दिसत होतं, की न दिसणारा, न ऐकू येणारा एक गिरणीवाला काळ्या सोंगट्या घेऊन अव्वल मानांकिताला मागं रेटत चालला आहे. त्यांच्या चेहऱ्यांवर हसू होतं. कुणीतरी मोबाइल बाहेर काढला, मॅडमनी बोट दाखवल्यावर आत ठेवला. एक म्हातारे गृहस्थ, टोपी हातात धरून, टाचा उंचावून पटाकडं बघत होते.

मला भीती वाटत होती का? होती. पण खरं सांगायचं तर तिच्याहून मोठं दुसरं काही होतं. मी लहानपणापासून त्याला चाली सांगत आले, आणि प्रत्येक चाल त्याच्यापर्यंत पोचेपर्यंत तिचा थोडा भाग वाटेत सांडायचा. त्या दिवशी काही सांडत नव्हतं. तो इतका सुंदर कधीच खेळला नव्हता.

सत्ताविसावी चाल. भानुदासनं पट एकदा वाचला. डावीकडून उजवीकडं, एकदाच.

"हत्ती मारतो बाजरी दोन," तो म्हणाला. "शह."

मागं कुणाचा तरी श्वास अडकल्याचा आवाज आला. मी काळा हत्ती पांढऱ्या राजाच्या मांडीला नेऊन ठेवला. पाच गुणांचा हत्ती, एका प्याद्यासाठी.

इंद्रजितचं घड्याळ चालू होतं. एकोणीस मिनिटं होती त्याच्याकडं. तो हलला नाही.

"वजीर आंबा तीन," भानुदास म्हणाला. "शह."

इंद्रजितनं अजून काहीच खेळलं नव्हतं.

"हत्ती बाजरी आठ. शह."

मी ते दोन्ही लिहून ठेवलं. काय करणार? माझा हात तेवढंच जाणतो.

मग भानुदासनं उजवा हात टेबलावरून पुढं केला. हस्तांदोलनासाठी. तो हात तिथं तसाच राहिला, मनगटावर पिठाची पांढरी रेघ, बोटं किंचित उघडी.

मागची माणसं टेबलाशी सरकली.

इंद्रजितनं राजानं हत्ती मारला.

मी काळा वजीर आंबा तीनवर नेला.

इंद्रजितनं राजा बाजरी एकवर नेला.

मी दुसरा हत्ती बाजरी आठवर नेला.

तो पटाकडं बराच वेळ बघत राहिला. तीन वाटा होत्या आणि तिन्ही एकाच जागी जात होत्या. त्यानं राजा आडवा केला नाही. तो उठला आणि त्यानं दोन्ही हातांनी तो वाट बघणारा हात धरला.

टाळ्या पडल्या. नव्वद माणसं टाळ्या वाजवत होती, टोपीवाले म्हातारे गृहस्थ टोपी टेबलावर आपटत होते, कुणीतरी शिट्टी मारली. इंद्रजितचे वडीलही वाजवत होते. मी रडत होते, हे लिहायला हरकत नाही. भानुदास हसत होता, पण त्याचं डोकं माझ्याकडं वळलेलं होतं.

"वाजवत्यात का गं?" त्यानं विचारलं.

"हो दादा. सगळे."

त्यानं तळहात टेबलावर सपाट ठेवला. लाकडातून येणारी थरथर त्यानं बराच वेळ धरून ठेवली, पीठ धरतो तशी. "व्हय," तो म्हणाला. "लई हायती."

बक्षीस द्यायच्या आधी इंद्रजित माझ्याजवळ आला. "ताई," तो म्हणाला, "वडिलांनी हरकत घेतली त्याबद्दल माफ करा." मग जरा थांबून म्हणाला, "मी तीनदा वेगळंच ठरवलं होतं. हात उचलेपर्यंत तेच खेळायचं होतं." तो आपल्या उजव्या हाताकडं बघत होता. मी त्याला पाण्याची बाटली दिली.

करंडक चांगला दोन फूट उंचीचा होता. स्टेजवर भानुदासनं तो डोक्यावर धरला आणि मोठ्यानं म्हणाला, "काळ्यानं जिंकलं! क्लासिकलनं जिंकलं!" लोक पुन्हा उठून उभे राहिले. खाली आल्यावर मी रुमाल सोडून मशीन त्याच्या कानात बसवलं. दिवा लागला. त्यानं क्षणभर ऐकलं आणि ते काढून माझ्या हातात ठेवलं. "नुसती खरखर हाय. नगं." मी त्याच्या मागं उभी होते, तोंड दुसरीकडं होतं, आणि मी हळूच म्हणाले, "मग माझं कसं ऐकू येतं?" "तुझं येतंय," तो म्हणाला.

पाच वाजता आम्ही बारामतीच्या एसटीत बसलो. ऊन अजून चांगलं होतं. करंडक त्याच्या मांडीवर, त्यावर दोन्ही हात. पुढच्या बाकावरच्या बाईंनी वळून विचारलं, कशात मिळवला. मी सांगितलं. त्यांनी पिशवीतून दोन पेरू काढून त्याच्या हातात दिले. कंडक्टर तिकीट फाडता फाडता म्हणाला, "आमच्या रूटचा चँपियन हाय म्हना की." निमगाव केतकी गेलं, शेळगाव गेलं. गावाकडून फोन येत होते. गिरणीसमोर लोक जमलेत, हार आणलाय, कुठवर आलात. आमचा चुलत भाऊ विकी फोनवर ओरडत होता, "जयभीम दादा! आख्खा सणसर जागा हाय तुमच्यासाठी!" दिवसाढवळ्या. मी ते सगळं भानुदासला सांगत होते आणि तो हसत पेरू खात होता. इतका खुश मी त्याला उभ्या आयुष्यात बघितला नव्हता. पुढच्या महिन्यात कोल्हापूरची स्पर्धा खेळायची, त्यापुढं नागपूरची, हे सगळं त्यानं लासुर्णे यायच्या आत ठरवून टाकलं.

लासुर्णे गेल्यावर तो गप्प झाला. अर्धा पेरू हातात तसाच राहिला. मला वाटलं दमला.

"प्रिया," तो थोड्या वेळानं म्हणाला. "वय काय झालं गं तुझं?"

"चौतीस. का?"

"आत्ता बोलली न्हवतीस का तू?"

"नाही दादा. मी काहीच बोलले नाही."

त्यानं मान किंचित तिरकी केली, गाडीच्या आवाजापलीकडचं काही ऐकावं तशी. "तुझाच हाय आवाज," तो म्हणाला. "पर लई म्हातारा झालाय. दम लागतोय तुला बोलताना."

मी कोर्टात विचारतात तसं विचारलं, दुसरं काही जमत नव्हतं. "मी काय म्हणते?"

"चाल सांगतीयास. सांगतीस, थांबतीस. परत तीच सांगतीस."

सणसरच्या अलीकडं उसाच्या ट्रॉल्यांनी रस्ता अडला होता. गाडी थांबली. माणसं खिडकीतून माना काढून बघायला लागली. मी हसायचा प्रयत्न केला. "मग उत्तर दे की मला," मी म्हणाले.

"देतोय की," भानुदास म्हणाला. त्याच्या आवाजात काळजी नव्हती, थोडी नवलाई होती. "मगाधरनं देतोय. तुला ऐकू जात न्हाय."

ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं. एकदम सगळं शांत झालं. पुढच्या बाई पदरानं वारा घेत होत्या, त्यांच्या बांगड्या वाजत होत्या. मी माझ्या भावाकडं बघितलं. त्याचं तोंड माझ्याकडं होतं आणि त्याचे ओठ हलत होते, सावकाश, एकेक घर नीट सांगावं तसे, आणि मला काहीही ऐकू येत नव्हतं.